नदीकाठच्या पाणी उपसायच्या मोटारींसाठी इशारा पेटी बनवली, पण फ्रिक्वेन्सी चुकली: वायरलेस वस्तू विकणाऱ्यांसाठी धागा

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलोच. आपल्या कोल्हापुरात उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावला आता पोरं इलेक्ट्रॉनिक्सची कामं करायला लागलीत. कोण मोबाईलवरून मोटर चालू करायचा स्टार्टर बनवतोय, कोण गोठ्यातलं तापमान मोजतोय, कोण इचलकरंजीच्या मागांना मीटर लावतोय. जवळपास सगळ्यात आता वायरलेस असतं. माझं जे झालं ते त्यांच्या वेळेत उपयोगी पडावं, एवढ्यासाठी हे सगळं सांगतोय.

माझी पेटी साधी आहे. पावसाळ्यात पंचगंगा चढायला लागली की राजाराम बंधाऱ्याचा आकडा सगळे बघतात. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. पण प्रत्येकाच्या मोटारीची जागा वेगळी. बंधाऱ्यावर इशारा पातळी यायच्या कितीतरी आधी कुणाची मोटर पाण्याखाली जाते. मग रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन, चिखल तुडवत, पाणी कितव्या पायरीला आलंय ते बघायला जायचं. उशीर झाला की मोटर वर ओढायची चेन पुली लावायलाही जागा उरत नाही. २०१९ च्या महापुरात आमच्या घरच्या दोन मोटारी गेल्या. त्यातली एक सहा महिन्यांपूर्वीच घेतलेली होती. वडील आठ दिवस कुणाशी धड बोलले नाहीत.

म्हणून मी काठावर खांबाला लावायची एक पेटी केली. आत पाण्याचं अंतर मोजणारा सेन्सर, एक छोटं सोलर पॅनेल, लिथियम सेल आणि लोरा मॉड्यूल, म्हणजे कमी विजेवर लांबपर्यंत संदेश पाठवणारा छोटा रेडिओ. घरात दुसरी पेटी. पाणी ठरवलेल्या खुणेला आलं की घरातला भोंगा वाजतो. नदी ते गाव दोन-अडीच किलोमीटर अंतर सहज पार होतं.

मॉड्यूल घेताना मी एकच गोष्ट बघितली, दर. ९१५ मेगाहर्ट्झचं स्वस्त मिळालं, तेच मागवलं. चाळीस पेट्या विकल्या, चालल्याही छान. मग ऑनलाइन विकायला ठेवायला गेलो तर तिथं ईटीएचा नंबर मागितला. ईटीए म्हणजे काय हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. शोधत गेलो तसं कळलं की मी चाळीस घरांत जे बसवून आलोय, ते आपल्या देशात ज्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात चालवायला परवानगीच नाही अशा पट्ट्यात ओरडतंय.

पुढचं सांगतोच. आधी ज्यांना यातलं जास्त कळतं त्यांनी बोलावं.

आरएफवाला

मी मूळचा गडहिंग्लजचा, आता पुण्यात. चौदा वर्षं रेडिओ डिझाइनच्या कामात आहे. धागाकर्त्यांनी मोकळेपणानं लिहिलंय, म्हणून मीही नीट लिहितो.

सगळा घोळ एका शब्दानं होतो, ‘परवानामुक्त’. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यानं वायरलेस यंत्र जवळ बाळगायलाच परवाना लागतो. मग सरकारनं काही पट्टे आणि काही ताकद ठरवून त्यापुरती सूट दिली. २.४ गिगाहर्ट्झला, म्हणजे वायफाय-ब्लूटूथला, ही सूट २००५ मध्ये मिळाली. पाच गिगाहर्ट्झचे पट्टे २०१८ मध्ये ऐसपैस मोकळे झाले. आता २०२३ चा दूरसंचार कायदा टप्प्याटप्प्यानं जुन्या कायद्यांची जागा घेतोय, पण सूट देण्याची पद्धत तीच.

या सुटीचा अर्थ एवढाच की वापरणाऱ्याला परवाना काढावा लागत नाही. विकणाऱ्याची मान्यता ही वेगळी गोष्ट. तुमचं यंत्र खरंच त्या पट्ट्यात आणि त्या ताकदीत बसतं का, हे कुणीतरी मोजून दाखवायला हवं. तेच ईटीए, इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी, म्हणजे वायरलेसचे परवाने बघणाऱ्या शाखेकडून ते मिळतं. परवानामुक्त पट्ट्यांसाठी दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर स्वयंघोषणेनं काढता येतं. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा आरएफ, म्हणजे रेडिओ चाचणीचा रिपोर्ट जोडायचा, मॉडेल नंबर द्यायचा आणि लिहून द्यायचं. स्वयंघोषणा आहे म्हणून काही जण सैल घेतात. पण खाली सही तुमची असते. रिपोर्ट एका मॉडेलचा आणि विक्री दुसऱ्याची निघाली, तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

लोरासाठी आपला पट्टा आहे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ. २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढला. ताकद एक वॅटपर्यंत. लोरावान, म्हणजे लोराच्या जाळ्याचे ठरलेले नियम, त्याच्या भारतीय आराखड्यात तीन ठरलेले चॅनेल आहेत: ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५. मॉड्यूल मागवायच्या आधी हे आकडे कागदावर लिहून भिंतीला चिकटवा.

उद्यमनगर_१०

भावा, मी लेथवाला माणूस, मला यातलं फार कळत नाही. पण आमचा भाचा म्हणतो की लोराची चिप कुठल्याही फ्रिक्वेन्सीला लावता येते. मग सॉफ्टवेअरमध्ये ९१५ च्या जागी ८६६ टाकलं की झालं की. एवढा ताप कशाला?

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

काका, भाचा खरं बोलतोय. चिप लागते ८६६ ला. मी पहिलं तेच केलं. पण तेवढ्यानं संपलं नाही.

माझ्या मॉड्यूलसोबत विक्रेत्यानं जो रिपोर्ट दिला होता तो अमेरिकेचा, ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा. ८६६ ला ते किती ताकद फेकतं, बाजूच्या पट्ट्यांत किती सांडतं, याचा कागद कुणाकडंच नव्हता. दुसरं म्हणजे अँटेना ९१५ साठी कापलेली. ८६६ ला लावल्यावर पल्ला एकदम पडला. वडणग्याची एक पेटी तर गावापर्यंत पोचेचना. शेवटी मॉड्यूलही बदललं आणि अँटेनाही. ८६५ च्या पट्ट्याचा रिपोर्ट ज्याच्यासोबत मिळतो असं मॉड्यूल घेतलं. थोडं महाग आहे, पण त्या कागदावर पुढं सगळं उभं राहिलं.

आणि त्या चाळीस पेट्या. त्या तशाच ठेवून झोप लागली नसती. मार्चमध्ये मी आणि माझा मित्र मोटरसायकलवर निघालो. प्रयाग चिखली, आंबेवाडी, वडणगे, शिंगणापूर, खाली रुकडीपर्यंत. एकेका खांबावर चढायचं, पेटी उतरवायची, चार स्क्रू काढायचे, मॉड्यूल बदलायचं, बांधावर लॅपटॉप ठेवून प्रोग्रॅम टाकायचा, परत चढवायची. अकरा दिवस लागले. पैसे कुणाकडूनच घेतले नाहीत. लोकांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही, ही गोष्ट वेगळी.

शिरोळकर

मी शेतकरी. एक विचारतो, राग मानू नका. तुमची पेटी ९१५ वर चालली काय आणि ८६६ वर चालली काय, आमची मोटर वाचली म्हणजे झालं. त्यात कुणाचं काय बिघडत होतं?

आरएफवाला

शिरोळकर, रास्त प्रश्न आहे. बिघडत होतं, पण दिसत नव्हतं.

आपल्याकडं ८९० ते ९१५ हा पट्टा मोबाईल कंपन्यांचा आहे. त्यातून तुमचा फोन टॉवरशी बोलतो. अमेरिकेच्या आराखड्यातली लोराची यंत्रं ९०२ पासून पुढं पाठवतात, म्हणजे नेमकी त्यात घुसतात. टॉवरचं काम असतं तीन-चार किलोमीटरवरच्या एखाद्या फोनची अगदी बारीक कुजबुज ऐकायचं. त्याच टॉवरच्या शेजारच्या घरात एक पेटी दर काही मिनिटांनी मोठ्यानं हाक मारायला लागली, तर ती कुजबुज बुडते. कुणाचा तरी फोन लागत नाही. तो माणूस म्हणतो नेटवर्क खराब आहे. कदाचित तो रात्री दवाखान्याची गाडी बोलवत असेल.

तुमच्याकडं पाण्याची पाळी असते ना? आपली पाळी नसताना कुणी चारी फोडली तर खालच्याचा ऊस वाळतो, आणि त्याला कळतही नाही पाणी कुठं गेलं. हे तसंच आहे.

शिरोळकर

आता कळलं. चारी फोडण्याचं उदाहरण बरोबर बसलं.

शेवटचं_वर्ष

मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचं प्रोजेक्ट ४३३ मेगाहर्ट्झच्या लोरावर आहे, शेतातला ओलावा मोजायचा. मॉड्यूल स्वस्त आहे आणि पल्लाही भारी मिळतो. ४३३ पण परवानामुक्त आहे असं वाचलंय. कॉलेज झाल्यावर हेच विकायचा विचार आहे. चालेल ना?

आरएफवाला

नको. नीट ऐक, कारण या खड्ड्यात खूप पोरं पडतात.

४३३ ते ४३४ ला सूट आहे, पण १० मिलीवॅटपर्यंत आणि १० किलोहर्ट्झच्या चॅनेलला. गाडीच्या रिमोटसारख्या गोष्टींसाठी तो ठीक आहे. तुझं लोरा मॉड्यूल १०० मिलीवॅट फेकतं, म्हणजे दहापट. आणि लोराचा नेहमीचा चॅनेल १२५ किलोहर्ट्झ रुंद असतो, म्हणजे बारापटीहून जास्त. पल्ला भारी मिळतो त्यात या जादा ताकदीचाही वाटा आहे. पट्टा मोकळा आहे एवढंच वाचून थांबू नको. ताकद किती आणि रुंदी किती, हे त्याच नियमात पुढच्या ओळीत लिहिलेलं असतं.

प्रोजेक्ट ८६५ ला हलव. आता बोर्ड एकच आहे, आता सोपं जाईल. साचा काढून दोनशे खोकी मारल्यावर अवघड.

शेवटचं_वर्ष

धन्यवाद सर. आजच गाईडना सांगतो. ईएसपी३२ या कंट्रोलरवर जो वायफायचा भाग आहे त्याचं काय?

आरएफवाला

ते २.४ गिगाहर्ट्झ, पट्टा बरोबर आहे. फक्त धातूचं कवच असलेलं, छापील नंबराचं पूर्ण मॉड्यूल वापर. नुसती चिप घेऊन अँटेनेची रेघ स्वतः बोर्डावर ओढशील तर सगळी चाचणी तुलाच पहिल्यापासून करावी लागेल. तयार मॉड्यूलचा रिपोर्ट असतो, त्यावर तुझं ओझं हलकं होतं. पण त्या मॉड्यूलची अँटेना बदललीस की तो रिपोर्ट तुझ्या यंत्राचा राहत नाही.

राजारामपुरी_गल्ली

माझा विषय थोडा वेगळा, पण इथंच विचारतो. दुकान आहे. स्वतःच्या नावानं ब्लूटूथ स्पीकर आणायचे ठरवले, बाहेरच्या कारखान्यातून. कारखानदारानं सांगितलं सगळी सर्टिफिकेटं आहेत. मी विश्वास ठेवला. माल न्हावा शेवाला आला आणि तिथंच अडकला. बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं रजिस्ट्रेशन होतं, खोटं नव्हतं, पण ते त्याच्या ब्रँडचं. खोक्यावर नाव माझं. रोजचं भाडं चढत होतं आणि दिवाळी तोंडावर. त्या वीस दिवसांत मी जे शिकलो ते कुठल्या शाळेत शिकलो नव्हतो.

हेमा_कागल

दादा, तुमच्यासारखे मला महिन्याला दोन तरी भेटतात. मी कागलला कारखान्यांची अशी कागदपत्रं बघते. थोडं सविस्तर लिहिते.

बीआयएसची सक्तीची नोंदणी, जिला सगळे सीआरएस म्हणतात, ती २०१२ च्या आदेशानं आली आणि तेव्हा पंधरा प्रकारच्या वस्तूंना लागू होती. आता यादी खूप वाढली आहे. ब्लूटूथ स्पीकर, वायरलेस हेडफोन, स्मार्ट वॉच, पॉवर बँक, अडॅप्टर, लिथियमचे सेल आणि बॅटऱ्या हे सगळं त्यात आहे. नोंदणी कारखान्याच्या नावानं होते, आणि कुठला कारखाना, कुठली वस्तू, कुठला ब्रँड हे तिन्ही त्यात बांधलेलं असतं. कारखाना बदलला तर नवी नोंदणी. ब्रँड तुमचा असेल तर तो कारखान्याच्या नोंदणीत आधी चढवून घ्यावा लागतो. कारखाना परदेशातला असेल तर इथं त्याचा अधिकृत प्रतिनिधी लागतो. हे सगळं माल बोटीत चढायच्या आधी.

आणि एक काम प्रत्येकानं आजच करा. मोबाईलवर बीआयएस केअर ॲप घ्या. वस्तूवर आर अक्षरापुढं जो नंबर छापलेला असतो तो त्यात टाका. कुणाची नोंदणी आहे, चालू आहे का, कुठल्या ब्रँडची आहे, लगेच दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे.

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

ताई, हेच मला दीड वर्षापूर्वी कुणी सांगितलं असतं तर.

माझ्या घरातल्या पेटीला पाच व्होल्टचा अडॅप्टर लागतो. एका घाऊक विक्रेत्याकडून शंभर घेतले. वर आर नंबर स्पष्ट छापलेला, मी खूश. नंतर हेच ॲप उघडून नंबर टाकला तर तो भलत्याच ब्रँडच्या भलत्याच वस्तूचा निघाला. नुसता छापलेला होता. एक अडॅप्टर फोडून बघितला. आत वीजेच्या बाजूचा आणि आपण हात लावतो त्या बाजूचा तांबा, दोन्हीत काडेपेटीच्या काडीएवढीही फट नव्हती. दमट घरात, ओल्या हातानं, शेतकऱ्याची बायको रात्री तो प्लग काढणार. ते शंभरही मी भंगारात घातले, आणि घालायच्या आधी प्रत्येकाची वायर कापली, म्हणजे कुणी उचलून परत विकायला नको.

सेलचंही तसंच. बाजारात जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल नवं वेष्टण चढवून मिळतात. हातात घेऊन फरक कळत नाही. आता आयएस १६०४६ ची, म्हणजे लिथियम सेलच्या सुरक्षा प्रमाणाची नोंदणी ॲपवर तपासल्याशिवाय मी सेल घेत नाही. मे महिन्यात नदीकाठच्या खांबावर बंद पेटीत काय ऊन असतं ते तुम्हाला माहीत आहे.

आरएफवाला

धागाकर्ते, एक विचारायचं राहिलं. घरातली पेटी नुसता भोंगा वाजवते की मोबाईलवर मेसेजही पाठवते? कारण तिथं गाडी दुसऱ्या रस्त्याला लागते.

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

पहिल्या डिझाइनमध्ये सिम होतं. मेसेज जायचा. आता काढून टाकलंय. का ते तुम्हीच सांगा, तुम्ही माझ्यापेक्षा नीट सांगाल.

आरएफवाला

सिम आलं की ते यंत्र दूरसंचार जाळ्याला जोडलं जातं. मग टीईसीची, म्हणजे दूरसंचार विभागाच्या तांत्रिक केंद्राची सक्तीची चाचणी, एमटीसीटीई, समोर येते. २०१७ मध्ये टेलिग्राफ नियमांत बदल करून ती आणली आणि वस्तू टप्प्याटप्प्यानं वाढवत नेल्या. आयओटी गेटवे, म्हणजे सेन्सरची माहिती पुढं नेटवर्कवर पाठवणारी पेटी, त्यात आहे, मागोवा घेणारी यंत्रं त्यात आहेत, पर्यावरण मोजणारी एंड पॉइंट यंत्रंही आहेत. मोबाईल फोन, स्मार्ट वॉच, स्मार्ट कॅमेरा यांना २०२३ मध्ये त्यातून वगळलं, कारण त्यांच्यावर बीआयएसची नोंदणी आधीच होती. पण छोट्या कारखानदाराचं गेटवे वगळलेलं नाही.

शिवाय सिम तुम्ही तुमच्या नावावर घेऊन पेटीसोबत दिलं आणि सेवाही तुम्हीच देत असाल, तर तुम्ही एमटूएम, म्हणजे यंत्रानं यंत्राशी बोलायची सेवा देणारे झालात. त्याची दूरसंचार विभागाकडं नोंदणी लागते, त्याच्या मार्गदर्शक सूचना फेब्रुवारी २०२२ मध्ये आल्या. ती १३ आकडी नंबरांची सिम त्याचसाठी असतात. मोबाईल स्टार्टर बनवणारी आपल्याकडची बरीच मंडळी साधं प्रीपेड सिम पेटीत घालून देतात. त्यांनी हे वाचावं.

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

हे कळल्यावर मी दोन दिवस विचार केला. मग वडिलांना विचारलं, तुम्हाला मेसेज हवा का? ते म्हणाले, महापुरात लाईट गेली तेव्हा मोबाईल कुठं चालू होता?

खरंच होतं. २०१९ ला आमच्या गल्लीत फोन चार्ज करायला जागा नव्हती. ज्या रात्री पेटीची सगळ्यात जास्त गरज, त्याच रात्री मेसेज पोचायची खात्री सगळ्यात कमी. भोंग्याला टॉवर लागत नाही. नदी ते घर, मधे कुणी नाही. म्हणून सिम काढलं, घरातल्या पेटीला बॅटरीचा आधार दिला आणि भोंगा मोठा केला. पेटी स्वस्त झाली, चाचण्या कमी झाल्या आणि कामाला जास्त पक्की झाली. नियम वाचता वाचता डिझाइन सुधारलं, असं मी कुणालाही खुल्या मनानं सांगेन.

उद्यमनगर_१०

हे आवडलं. आमच्या धंद्यात पण असंच, जॉब जेवढा साधा तेवढा टिकतो.

राजारामपुरी_गल्ली

अजून एक. गगनबावडा, राधानगरी बाजूचं गिऱ्हाईक येतं आणि मोबाईलचा बूस्टर मागतं. घरात रेंज नाही म्हणतात, खरंच नसते. ऑनलाइन दिसतात. ठेवू का दुकानात?

आरएफवाला

अजिबात नको. मोबाईल सिग्नलचा बूस्टर किंवा रिपीटर खासगी माणसानं विकणं, बसवणं, वापरणं बेकायदा आहे. एका घरात रेंज येते आणि आजूबाजूच्या गावाची जाते. जॅमर तर त्याहून गंभीर. ऑनलाइन दिसतं म्हणून चालतं असं नाही. वॉकीटॉकीचंच बघा. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे कमी ताकदीचे संच परवानामुक्त आहेत, पण त्या नावाखाली भलत्याच पट्ट्यांतले विकले जात होते. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन बाजारांसाठी मार्गदर्शक तत्त्वंच काढली. आता विक्रीच्या पानावर फ्रिक्वेन्सी आणि ईटीएची माहिती मागतात ती त्यातूनच. धागाकर्त्यांना नंबर मागितला तो उगीच नाही.

गिऱ्हाइकाला सांगा की सेवा देणाऱ्या कंपनीकडं तक्रार करा, किंवा घरात ब्रॉडबँड असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा. त्यात दुकानदाराचा फायदा नाही हे मला कळतं, पण गावाचा आहे.

शेवटचं_वर्ष

इ-कचऱ्याचं पण काहीतरी असतं ना? सीनियर म्हणाला की दहा पेट्या विकल्या तरी ईपीआर, म्हणजे विकलेल्या वस्तूच्या कचऱ्याची जबाबदारी लागते. खरं आहे का?

हेमा_कागल

तुझ्या सीनियरनं अर्धं सांगितलं. इ-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ मध्ये आले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. जो स्वतःच्या ब्रँडनं इलेक्ट्रॉनिक वस्तू विकतो तो ‘उत्पादक’, मग ती वस्तू दुसऱ्यानं बनवलेली का असेना. त्याला सीपीसीबीच्या, म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करून ठरावीक कचऱ्याचा पुनर्वापर दाखवावा लागतो.

पण सूक्ष्म उद्योगांना हे नियम लागू नाहीत, हे नियमातच लिहिलेलं आहे. एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म म्हणजे यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल दहा कोटींपर्यंत, दोन्ही अटी मिळून. उद्यमनगरातले निम्मे कारखाने त्यात सहज येतील. तेव्हा उद्यम नोंदणी काढून ठेव, फुकट होते. फक्त बॅटरीचे नियम वेगळे आहेत, ऑगस्ट २०२२ चे. इ-कचऱ्याची सूट तिथंही लागू होते असं धरून चालू नको. हे सांगायला मला चांगलं वाटतं, कारण नको त्या नोंदणीसाठी घाबरवून पैसे घेणारे एजंट मी बघितलेत. जे लागतं ते सगळं करायचं आणि जे लागत नाही ते का लागत नाही हे नियम क्रमांकासह फाईलला लावून ठेवायचं.

वैधमापनचं मात्र कुणी विसरू नका. पाकिटबंद वस्तूवर बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, महिना-वर्ष, नग, सर्व करांसह एमआरपी, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल. बाहेरून आणली असेल तर देशाचं नाव. वैधमापन विभागाकडं पॅक करणारा म्हणून नोंदणीही होते. लोक रेडिओची एवढी मोठी कामं करतात आणि खोक्यावर महिना छापायचा राहिला म्हणून दंड भरतात, तेव्हा मला वाईट वाटतं.

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

ताई, माझ्या पेटीला सीआरएस लागतं का यावर दोघा सल्लागारांनी दोन उत्तरं दिली. एक म्हणाला लागतं, एक म्हणाला यादीत नाव नाही तर लागत नाही.

हेमा_कागल

सल्लागाराच्या तोंडी उत्तरावर कधीच जाऊ नका, माझ्याही नाही. पेटीचा फोटो, सर्किटचं चित्र, व्होल्टेज, काय काम करते हे एका पानात लिहा आणि बीआयएसला लेखी विचारा. आलेलं उत्तर छापून फाईलला. वेळ लागतो, पण ते उत्तर तुमची ढाल असते. आणि विचारताना प्रमाण कुठलं ते बघा, जुन्या आयएस १३२५२ आणि आयएस ६१६ या सुरक्षा प्रमाणांच्या जागी आयएस/आयईसी ६२३६८ येतंय. चाचणीला पैसे भरायच्या आधी प्रयोगशाळेला विचारा की कुठल्या प्रमाणाखाली रिपोर्ट देणार.

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

विचारलंय. पत्र पाठवल्याची पोच फाईलला आहे. उत्तर येईपर्यंत नवीन विक्री थांबवली होती, गेल्या आठवड्यात आलं. घरातली पेटी अडॅप्टर आणि सेल नोंदणीकृत असण्याच्या अटीत बसली. ईटीए त्याआधीच मिळालं. ज्या दिवशी पोर्टलवर प्रमाणपत्र दिसलं त्या दिवशी प्रिंट काढून वडिलांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि ८६५ च्या आकड्यावर बोट ठेवून विचारलं, हेच का ते?

ज्यांना पोर्टल भरताना अडचण येते त्यांनी इथंच विचारा. मॉडेल नंबर ठरवताना माझी एक चूक झाली ती सांगतो. पेटीवर छापलेला नंबर, रिपोर्टमधला नंबर आणि अर्जातला नंबर अक्षर न् अक्षर एकच हवा. माझ्या अर्जात मधे एक आडवी रेघ जास्त पडली होती. पुन्हा पहिल्यापासून भरावं लागलं.

शिरोळकर

मग आता विकायला मोकळे झालात तर आमच्या चार मोटारींसाठी चार पेट्या लागतील. मृग निघायच्या आत मिळतील का?

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

दोन तयार आहेत, दोनचे सेल यायचेत. सेल आले की नंबर तपासून बसवतो, तोपर्यंत घाई करू नका. तुम्ही एक करा. प्रत्येक मोटारीजवळच्या खांबापासून मोटारीच्या फाउंडेशनपर्यंत किती फूट भरतं ते टेपनं मोजून इथं टाका. इशारा किती फूट आधी हवा तेही सांगा. चेन पुली लावायला तुम्हाला किती वेळ लागतो त्यावर ते ठरवू.

शिरोळकर

उद्या सकाळीच मोजतो. दोन ठिकाणी पोरगा लागेल टेप धरायला.